उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरभोळा झालेला संगणक

मंडळी, आखातातल्या कुटुंबांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी जो तो गावाहून परततो. दोन महिने बंद असलेल्या फ्लॅटचं दार उघडलं की भट्टीचं झाकण काढावं तशी हवा अंगावर येते. गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. बॅगांतून मेतकूट, कोकमं, कुरडया बाहेर निघतात आणि घरातली यंत्रं एकेक करून लावून पाहिली जातात. त्यातलं एखादं रुसलेलं असतंच.

गेल्या वर्षी आमच्या शारजाच्या घरात रुसला तो जुना कॉम्प्युटर. जुना म्हणजे किती जुना? १९९६ साली बर दुबईच्या खालिद बिन वलीद रस्त्यावर सुटे भाग निवडून जोडून घेतलेला. पेंटियम प्रोसेसर, १६ एमबी मेमरी, विंडोज ९५ आणि १.२८ जीबीची हार्ड डिस्क. आजच्या फोनवर काढलेला काही मिनिटांचा व्हिडिओसुद्धा त्या डिस्कवर मावायचा नाही. तेव्हा मात्र ‘एवढी जागा भरायची कशानं?’ असा प्रश्न आम्हाला पडला होता.

आमच्या घरात या डब्याला ‘आजोबा’ म्हणतात. दर दोन वर्षांनी घर आवरताना त्याला बाहेर काढायचा ठराव मांडला जातो आणि दर वेळी माझ्या एका मताने तो नामंजूर होतो. त्याला कारण आहे. १९९८ च्या जानेवारीत आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली होती. माण तालुक्यातल्या खेड्यात जन्म गेलेली बाई, इथे चौथ्या मजल्यावर करायचं काय? दुपारी निवडणं-टिपणं करता करता ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तिला त्या पुन्हा म्हणायला लावायचो आणि कीबोर्डवर अडखळत टाइप करायचो. दोन महिन्यांत १३७ ओव्या जमल्या. आई २००४ साली गेली. त्या ओव्या तिच्याखेरीज घरात कुणालाच येत नव्हत्या.

‘मग इतक्या वर्षांत त्या दुसरीकडे उतरवून का ठेवल्या नाहीत?’ असं कुणीही विचारील. उत्तर एकच, आणि ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: उद्या करू म्हणून. १९९८ मध्येच चार फ्लॉपींवर प्रती केल्या होत्या, तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. पुढे त्यातली एकही वाचता येईना, हे कळल्यावरसुद्धा ‘मूळ प्रत तर आहे’ म्हणून गप्प बसलो.

पडद्यावरचे दोन निरोप

तर ऑगस्टच्या त्या शुक्रवारी मी आजोबांचं बटण दाबलं. पंखा फिरला, मेमरीचे आकडे भराभर मोजून झाले, एक बारीक ‘बीप’ झाला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत निरोप आला: ‘सीमॉस चेकसम एरर – डिफॉल्ट्स लोडेड’. त्याखाली: ‘प्रेस एफ-वन टु कंटिन्यू, डेल टु एंटर सेटअप’.

न वाचताच मी एफ-वन दाबलं. समोर दोन दारं असली की आपण ‘पुढे चला’ लिहिलेलं दार उघडतो. काही सेकंदांनी दुसरा निरोप आला: ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’. एंटर दाबलं, तोच निरोप. पुन्हा दाबलं, पुन्हा तोच. बंद करून चालू केलं, तरी तेच.

दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. पलीकडच्या मुलाने ‘डिस्क बूट फेल्युअर’ एवढं ऐकलं आणि निकाल दिला, ‘हार्ड डिस्क गया है अंकल. ले आओ, फॉरमॅट मारके देखेंगे, नहीं तो नया डालेंगे.’ त्याचा दोष मी मानत नाही. त्याच्या जन्माआधीचं यंत्र, आणि मी त्याला सांगितला तो फक्त दुसरा निरोप. पहिला निरोप सांगायचं मी विसरलोच होतो. पण ‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फॉरमॅट करायचं म्हणजे डिस्कवरची अनुक्रमणिका पुसून कोरी पाटी करायची. आईच्या ओव्या त्या पाटीवर होत्या.

फोन ठेवला आणि ठरवलं, आधी हा निरोप म्हणजे काय ते शब्दाशब्दाने समजून घ्यायचं. तोवर कशालाही हात लावायचा नाही. पुढचं सगळं त्या दोन दिवसांत उजळणी केलेलं आणि पडताळून पाहिलेलं आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली असे आजोबा असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

खजिनदाराची वही

कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याचं नाव बायोस. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो आणि मग डिस्कवरच्या विंडोजकडे कारभार सोपवतो. पण हजेरी घ्यायची तर हजेरीपट हवा: फ्लॉपी ड्राइव्ह कोणत्या प्रकारचा, हार्ड डिस्क केवढी, आधी कुठून सुरुवात करायची, आज तारीख काय. ही माहिती ज्या इवल्याशा मेमरीत असते तिला सीमॉस म्हणतात. खरं म्हणजे सीमॉस हे चिप बनवण्याच्या एका पद्धतीचं नाव. त्या पद्धतीच्या चिपला वीज अगदी थोडी लागते, म्हणून इथे ती वापरली आणि पद्धतीचं नावच वस्तूला चिकटलं.

१९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीत ही सोय नव्हती. बोर्डावरचे बारीक स्विच खालीवर करून काय काय जोडलंय ते सांगावं लागे, आणि दर वेळी चालू केल्यावर यंत्र तारीख विचारी. तारीख न सांगता पुढे गेलात तर ते १ जानेवारी १९८० धरून चाले. १९८४ साली आयबीएम पीसी-एटी आला, त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप बसवली. तिच्यात ६४ बाइटची मेमरी होती. १४ बाइट घड्याळासाठी आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेले ५० बाइट हजेरीपटासाठी. पन्नास बाइट म्हणजे एका पोस्टकार्डाच्या दोन ओळी. मशीन बंद असतानाही या दोन ओळी पुसल्या जाऊ नयेत आणि घड्याळ चालत राहावं म्हणून शेजारी एक सेल.

आता ‘चेकसम’. आपल्या मंडळाचे खजिनदार वहीच्या पानावर वर्गणीचे आकडे मांडतात आणि खाली बेरीज लिहितात. पुढच्या महिन्यात वही उघडली, पुन्हा बेरीज केली आणि ती खाली लिहिलेल्या आकड्याशी जुळली नाही, तर कुठलातरी आकडा बदलला किंवा पुसला गेला, एवढं नक्की कळतं. कोणता ते कळत नाही. बायोस नेमकं हेच करतो. हजेरीपटातल्या बाइटांची बेरीज त्याने शेजारी लिहून ठेवलेली असते. दर वेळी चालू होताना तो पुन्हा बेरीज करून ताळा पाहतो. ताळा चुकला की ‘सीमॉस चेकसम एरर’.

‘डिफॉल्ट्स लोडेड’ म्हणजे ‘जुन्या पानावर आता माझा भरवसा नाही, म्हणून कारखान्यातून आलेलं कोरं पान लावलंय’. एवढं समजलं की पहिल्या निरोपाचा अर्थ लख्ख होतो. यात डिस्क खराब झाल्याचा एक शब्द नाही. यंत्र फक्त सांगतंय की मी विसरलो.

दुसरा निरोप हा पहिल्याचा परिणाम होता. माझ्या बोर्डाच्या कोऱ्या पानावर हार्ड डिस्कच्या रकान्यात ‘काही नाही’ असं होतं. म्हणून बायोसने डिस्क शोधलीच नाही. दार ठोठावलंच नाही आणि घरात कुणी नाही असं सांगून मोकळा झाला. दुसराच निरोप धरून बसलो असतो, तर साप साप म्हणून भुई धोपटण्यातला प्रकार झाला असता, आणि त्या धोपटण्यात ओव्या गेल्या असत्या.

सुट्टीनंतरच का?

सेल अगदी साधा आहे, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो: सीआर २०३२. या आकड्यातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट, साठा सुमारे २२० मिलिअँपियर-तास. घड्याळाला लागणारा प्रवाह अगदी नगण्य. तीन मायक्रोअँपियर धरला तर हिशेबाने ७३ हजार तास, म्हणजे आठ वर्षांहून थोडं अधिक. माझा सेल मी २०१५ साली बदलला होता, तेव्हा त्याची भरत आलीच होती. पण तो नेमका ऑगस्टमध्येच का गेला?

इथे आपलं आखाती राहणं आड येतं. सुट्टीवर जाताना आपण काय करतो? फ्रिज रिकामा करतो, गॅस बंद करतो, मेन स्विच खाली ओढतो, चावी नातूरकडे ठेवतो. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, एसी बंद, भिंती दिवसभर तापलेल्या. सेलच्या आत रसायनं असतात, आणि उष्णता वाढली की रसायनांचा वेग वाढतो. सेल वापरला नाही तरी आपला आपण थोडाथोडा उतरत असतो, तो उष्णतेत भराभर उतरतो. शेवटच्या घटका मोजणाऱ्या सेलला असे दोन महिने पुरेसे होतात.

त्यानंतरच्या काळातल्या डेस्कटॉपना आणखी एक गोष्ट लागू आहे. १९९५ साली एटीएक्स पद्धत आली. या पद्धतीत बटण बंद असलं तरी पिन सॉकेटमध्ये असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं, सेलला आराम मिळतो. मेन स्विच ओढला की दोन महिने सगळा भार सेलवर. म्हणून २००५ किंवा २०१० सालचा डेस्कटॉपही नेमका सुट्टीवरून आल्यावर हा निरोप दाखवतो, आणि आपण म्हणतो, ‘जाताना तर चांगला होता!’

तसा तो जातानाही पूर्ण चांगला नसतो. जूनमध्ये मी आजोबांना एकदा चालू केलं होतं, तेव्हा त्यांचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. घड्याळाच्या चिपला ठेका देतो तो एक स्फटिक, मनगटी घड्याळात असतो तसाच, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा. या संख्येला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, आणि तोच एक सेकंद. वीज अपुरी पडू लागली की हा ठेका मधूनमधून बंद पडतो. मशीन बंद असताना मागे पडणारं घड्याळ ही सेल बदलण्याची पहिली सूचना. मी ती पाहिली, वेळ दुरुस्त केली आणि विमान पकडलं.

सेल बदलताना

काम दहा मिनिटांचं आहे, पण चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली: सॉकेटचं बटण बंद करून भागवू नका, पिन बाहेर काढा. आजोबांच्या पिढीच्या यंत्रात पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. मॉनिटर आणि पॉवर सप्लायची पेटी मुळीच उघडू नका, त्यांत पिन काढल्यावरही धोका उरतो.

दुसरी: एसीच्या कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना अंगात स्थिर वीज साठते. दाराच्या मुठीला हात लावल्यावर चटका बसतो तो तिचाच. चिपला तेवढा झटका पुरतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

तिसरी: बोर्डावर गोल सेल खोबणीत असेल तर बाजूची पट्टी हलकेच मागे सारा, तो वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. मी जुना सेल मीटरवर मोजला तर २.१ व्होल्ट निघाला. नवा तीनच्या थोडा वर दाखवतो. १९९५ च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र गोल सेलऐवजी ३.६ व्होल्टची निळी किंवा हिरवी नळकांडी थेट डाखाने बसवलेली असते. ती निकेल-कॅडमियमची. ती जुनी झाली की गळते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. हिरवट-पांढरा थर दिसला तर ते काम जाणकाराकडे द्या.

चौथी गोष्ट कॉम्प्युटरची नाही, पण सगळ्यात महत्त्वाची. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने हा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. उतरलेल्या सेलनेही होते. शंका जरी आली तरी वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. इथला रुग्णवाहिकेचा नंबर ९९८. उतरलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि जुने सेल गोळा करणाऱ्या पेटीत टाका.

खरी मेख

नवा सेल बसवला तरी निरोप एकदा येणारच, कारण पुसलेलं पान आपोआप भरत नाही. या वेळी मात्र मी एफ-वन दाबलं नाही. डेल दाबून सेटअपमध्ये गेलो. तारीख, वेळ भरली. फ्लॉपीचा प्रकार भरला. उरली हार्ड डिस्क, आणि घोडं पेंड खातं ते इथेच.

डिस्कवरची जागा त्या काळी तीन आकड्यांनी सांगत: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. इमारत, मजला आणि फ्लॅट नंबर असा पत्ता समजा. माझ्या डिस्कच्या लेबलावर २४८४, १६ आणि ६३ असे आकडे छापलेले आहेत. तिन्हींचा गुणाकार करून प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट धरले की १२८ कोटी बाइट होतात, म्हणजे १.२८ जीबी. पण जुन्या बायोसची आणि डिस्कची पत्ता सांगायची पद्धत जुळवून पाहिली की १०२४ सिलिंडर आणि १६ हेड यांपलीकडे जाता येत नसे. म्हणजे जेमतेम ५२ कोटी ८४ लाख बाइट. डिस्क मोठ्या झाल्या तेव्हा यावर तोड काढली. बायोसने विंडोजला खोटे पण सोयीचे आकडे सांगायचे: सिलिंडर चौथाई करायचे, हेड चौपट करायचे. २४८४ च्या जागी ६२१ आणि १६ च्या जागी ६४. गुणाकार तोच, मोजायची रीत वेगळी. या रीतीला सेटअपमध्ये ‘एलबीए’ म्हणतात, आणि जशाच्या तशा आकड्यांना ‘नॉर्मल’.

आता धोका पाहा. डिस्कवर मजकूर लिहिताना एक रीत वापरली आणि वाचताना दुसरी, तर काय होईल? पहिले १६ हेड दोन्ही रीतींत सारखेच असल्यामुळे सुरुवातीचा भाग बरोबर वाचला जातो. पुढे पत्ते चुकू लागतात. फाइलींची नावं अर्धी बरोबर, अर्धी चित्रविचित्र चिन्हांची दिसतात. माणूस म्हणतो, ‘डिस्क बिघडली’, आणि दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवतो. तो बिचारा चुकीच्या पत्त्यांवर जाऊन ‘दुरुस्त’ करू लागतो, म्हणजे धडधाकट मजकूर खोडतो. निरोपाने जे नुकसान झालेलं नव्हतं, ते आपण आपल्या हातांनी करून ठेवतो.

सेटअपमध्ये डिस्क आपोआप ओळखण्याची सोय होती. तिने डिस्कचे आकडे अचूक आणले आणि विचारलं, कोणती रीत? १९९६ मध्ये कोणती निवडली होती ते मी कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. मग तर्क केला. माझी सबंध डिस्क ‘सी’ या एकाच नावाने दिसायची, पूर्ण १.२८ जीबी, हे मला पक्कं आठवत होतं. ‘नॉर्मल’ असती तर विंडोज ९५ ला ५२ कोटी ८४ लाख बाइटांपुढचं दिसलंच नसतं. म्हणजे एलबीए.

तरीही थेट विंडोज सुरू केलं नाही. विंडोज सुरू होताना डिस्कवर काहीबाही लिहितं. त्याऐवजी विंडोज ९५ ची सुरुवातीची फ्लॉपी घातली. ती एक मात्र अजून वाचता येत होती, हे नशीब. काळ्या पडद्यावर ‘डीआयआर’ टाइप केलं. या आज्ञेने फक्त यादी वाचली जाते, लिहिलं काही जात नाही. एकामागून एक फोल्डर पाहिले. नावं स्वच्छ, आकडे शहाण्यासारखे. दोन साध्या मजकुराच्या फाइली उघडल्या, शेवटपर्यंत नीट वाचता आल्या. मग ओव्यांच्या फोल्डरात गेलो. फाइल होती. शेजारी तारीख: १५ फेब्रुवारी ९८. आई परत गेली त्याच्या आदल्या आठवड्यातली.

मग फ्लॉपी काढली आणि विंडोज सुरू केलं. ढगांचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘उठले वाटतं आजोबा’, एवढंच म्हणाली.

ताकही फुंकून

डिस्क वाचत असली तरी ती १९९६ ची आहे, तिच्यावर आणखी एक दिवसही विसंबायचं नाही हे या वेळी मी शिकलो होतो. मशीन बंद केलं, डिस्क बाहेर काढली आणि एका जोडणीच्या तारेने लॅपटॉपच्या यूएसबीला लावली. अशा जुन्या डिस्कसाठी वेगळी वीज देणारे जोड बाजारात मिळतात. सगळ्या फाइली उतरवून घेतल्या. गंमत म्हणजे आजची यंत्रं सिलिंडर-हेडच्या भानगडीत पडत नाहीत, सेक्टरांना शून्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक देऊन मोजतात. हा मार्ग मी आधीच धरला असता तर ‘नॉर्मल की एलबीए’ हा पेच उद्भवलाच नसता. तुमच्यावर वेळ आली तर हेच आधी करा. सेटअपशी झटापट नंतर.

पण नुसती फाइल उतरवून काम संपत नाही. त्या काळचा मराठी मजकूर आजच्यासारखा युनिकोडमध्ये नसे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली. त्याआधी प्रत्येक सॉफ्टवेअरचा फाँट वेगळा आणि त्यातली अक्षरांची मांडणी वेगळी. तो फाँट नसेल तर ‘दळण’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून फाइलीबरोबर विंडोजच्या फाँटच्या फोल्डरातून तो फाँटही उतरवून घ्या. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आज आहेत. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत ती चुकतात, म्हणून जुन्या यंत्राच्या पडद्याशी ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. त्यासाठी आजोबांना आणखी काही दिवस कामावर ठेवलं आहे.

इतर काही निरोप

‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’: दहात नऊ वेळा फ्लॉपी ड्राइव्हमध्ये जुनी फ्लॉपी राहिलेली असते. ती काढा आणि कुठलीही कळ दाबा.

‘कीबोर्ड एरर ऑर नो कीबोर्ड प्रेझेंट’: मागची पिन सैल झालेली असते, किंवा कीबोर्डवर पुस्तक ठेवल्याने एखादी कळ दबलेली असते. निरोपाखाली ‘एफ-वन दाबा’ असं आलं तर हसून घ्या.

‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’: डिस्कची चपटी पट्टी किंवा विजेची तार सैल आहे का ते आधी पाहा. घर बदलताना टेम्पोत बसलेल्या हिसक्याने हे होतं.

पडदा काळा आणि एक लांब, दोन आखूड बीप: अवॉर्ड बायोसच्या भाषेत चित्राचं कार्ड नीट बसलेलं नाही.

आणि नव्या यंत्रांसाठी एक. जरा जुन्या लॅपटॉपवर किंवा डेस्कटॉपवर अचानक बँकेचं पान ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडेनासं झालं, तर कोपऱ्यातली तारीख पाहा. पानाच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली असते. यंत्राचं घड्याळ दहा वर्षं मागे गेलं असेल, तर त्याच्या दृष्टीने ते ओळखपत्र अजून निघालेलंच नसतं. मूळ दोष तोच, उतरलेला सेल.

या सगळ्यातून मी स्वतःसाठी तीन नियम केले. निरोप आला की कळ दाबण्याआधी त्याचा फोनवर फोटो काढायचा, आणि दुरुस्तीवाल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे निरोप सांगायचे. यंत्र ठणठणीत असतानाच सेटअपच्या पानांचे फोटो काढून प्रिंट कॅबिनेटच्या आत चिकटवायची. माझ्या आजोबांच्या पोटात आता ‘एलबीए’ असं मराठीत लिहिलेली चिठ्ठी आहे. आणि जोवर मजकूर दुसरीकडे उतरलेला नाही, तोवर ‘फॉरमॅट’, ‘फिक्स’ असल्या शब्दांना होकार द्यायचा नाही.

ओव्यांची प्रत आता लॅपटॉपवर आहे, गावी धाकट्या भावाकडे आहे आणि कागदावर छापून फाइलीतही लावली आहे. ताडून पाहण्याचं काम ९० व्या ओवीपर्यंत आलं आहे. आईने काही शब्द सांगितले ते मी तेव्हा ऐकले तसे टाइप केले, त्यांचा अर्थ विचारला नाही. माणदेशातल्या कुणा वाचकांना ते सांगता आले तर मला हवे आहेत. संपादकांनी जागा दिली तर पुढच्या अंकासाठी पहिल्या वीस ओव्या पाठवीन.